अर्ध्यावर थांबलेलं अपग्रेड

माझी बदली भामरागडकडच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत झाली, तेव्हा पहिलीच्या वर्गात मी काय बोलते ते मुलांना कळत नव्हतं आणि मुलं काय बोलतात ते मला. मी गोंडपिपरी तालुक्यातली. घरी आमची झाडीबोली, शाळेत पुस्तकातली मराठी; मुलांची गोंडी फक्त बाजारात कानावरून गेलेली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी मला शब्द द्यायला सुरुवात केली. येर म्हणजे पाणी, लोन म्हणजे घर, पिट्टे म्हणजे पाखरू. मग एक दिवस त्या मला त्यांच्या म्हाताऱ्या आईकडे घेऊन गेल्या. आई अंगणात बाजेवर बसून गोष्टी सांगायची आणि मी घरातून वायर ओढून शेजारी ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये तिचा आवाज भरून घ्यायचे. त्या गोष्टींतूनच मी पहिलीसाठी धडे तयार केले.

लॅपटॉप जुना होता, बॅटरी मेलेली. वायर काढली की तो तिथंच बंद. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की मी बटण दाबून वर्ग झाडून घ्यायचे. अहेरीला माझी एक मैत्रीण परिचारिका आहे. तिनं तो पाहिला आणि आपल्या पर्समधून पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला.

"याच्यात लिनक्स आहे, विंडोजच्या जागी चालते. टाकून पाह्य. मी दोन वर्षांपासून तेच वापरून राह्यली."

"मले जमन का?"

"मले जमलं तर तुले काऊन नाई जमन?"

तिच्याच घरी, आधीच्या फाइली जपून, आम्ही ते बसवलं. अगदी पहिल्या पडद्यावर भाषांची लांबलचक यादी आली आणि त्यात मराठी होतं. मी निवडलं तर सगळे प्रश्न मराठीत. मी थबकलेच. कुणीतरी, कुठंतरी बसून, एकेक वाक्य मराठीत केलं होतं. मी कधी या यंत्रासमोर येईन हे त्या माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं. बसवून झाल्यावर वायफाय काही दिसेना. मैत्रीण म्हणाली, फोन वायरनं जोड, नेट त्यातून घेईल आणि जे कमी आहे ते आपलं आपण शोधेल. तसंच झालं. तोच मेलेला लॅपटॉप आता केर काढायला सवड देईना.

त्या उन्हाळ्यात बाईंची आई वारली. तिच्या गोष्टी तेवढ्या लॅपटॉपमध्ये राहिल्या. दुसरीकडे कुठं उतरवून ठेवाव्यात हे मला सुचलं नव्हतं, हे कबूल करते.

पावसाळ्यात पडद्यावर निरोप आला, नवी आवृत्ती आली आहे, अपग्रेड करायचं का? मी हो म्हटलं. गावातल्या टॉवरवरून सगळं उतरून यायला शनिवार गेला आणि रविवार अर्धा गेला. मग ते आत बसायला लागलं. पट्टी निम्म्यावर होती आणि लाईट गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. नदीकडच्या रस्त्यावर झाड तारांवर पडलं होतं. लाईट नाही म्हणून टॉवरही बंद.

लाईट मंगळवारी आली. टॉवर मात्र उठला नाही आणि पुलावर पाणी होतं, म्हणजे भामरागडला जायची सोय नाही, अहेरी तर दूरच. मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी भराभर धावल्या आणि थांबल्या. शेवटच्या ओळींत 'कर्नल पॅनिक' असे शब्द होते. पॅनिकचा अर्थ मला माहीत होता. माझंही तेच झालं होतं.

बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, माह्या मायचा आवाज याच्यातच आहे ना? गेला का तो?"

"माहीत नाही, बाई," मी म्हणाले. खोटं बोलवेना.

गावाच्या मागे टेकाड आहे. तिथल्या एका खडकावर उभं राहिलं की दूरच्या कुठल्याशा टॉवरच्या सिग्नलची एखादी काडी मिळते. मी पडद्यावरच्या शेवटच्या ओळी वहीत अक्षर न अक्षर उतरवल्या आणि वर गेले. आधी मैत्रिणीला विचारलं. तिनं लिहिलं, हे माझ्या पलीकडचं आहे, पण लिनक्सवाले एकमेकांना जिथं विचारतात ती जागा सांगते. तिथं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. फोटो जाईना, म्हणून वहीतल्या ओळी जशाच्या तशा टंकल्या. खाली लिहिलं, माझ्याकडे इथं नेट नाही, उत्तर वाचायला मला टेकडी चढावी लागते.

दुपारच्या सुट्टीत पुन्हा चढले. उत्तर आलं होतं. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला माणूस, आयुष्यभर घरांची वायरिंग करून निवृत्त झालेला. त्यानं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की दुरुस्तीचं नंतर पाहू, आधी तुमच्या वस्तू सुखरूप आहेत का ते बघू. ज्या पेनड्राइव्हवरून बसवलं तो अजून आहे का? असेल तर तो लावून सुरू करा, आणि 'न बसवता वापरून पाहा' हे निवडा. मग त्याखाली एकेक पायरी लिहिलेली, आणि प्रत्येक पायरीनंतर काय दिसेल, नाही दिसलं तर काय करायचं, तेही. टेकडीमुळे त्यानं सगळे फाटे आधीच सांगून ठेवले होते.

मी ते सगळं वहीत उतरवलं आणि चिखलातून खाली आले.

पेनड्राइव्ह डब्यात होता. लावला. लॅपटॉप सुरू झाला, रंगीत पडदा आला, चिन्हं आली. अख्खी सिस्टीम त्या बोटभर वस्तूतून चालत होती. आतली मोडलेली तशीच पडून होती. मी डाव्या बाजूची डिस्क उघडली, माझ्या नावाचा फोल्डर उघडला आणि मराठीत नावं दिलेल्या माझ्या फाइली एकाखाली एक दिसल्या. त्यातल्या एकीवर दाबलं.

म्हातारीचा आवाज आला. आधी खोकली, मग गोष्ट सुरू केली.

बाई स्वयंपाकाच्या खोलीतून पळी हातात घेऊनच धावत आल्या आणि खाली बसल्या. गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग त्यांनी विचारलं, "हे मशीन तर मेलं होतं ना? मग हे कोण बोलून राह्यलं?"

मी म्हटलं, घर पडलं, पण कोठी शाबूत आहे. कुणीतरी दुरून सांगितलं की कोठीला दुसरं दार आहे.

त्याच दिवशी सगळ्या फाइली मी फोनमध्ये उतरवून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती. सकाळी टेकडीवरून उतरवून आणलेल्या त्या माणसाच्या पुढच्या पायऱ्यांनुसार, सुरू होतानाच्या यादीतून मी नवा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सोडून जुना निवडला. तो निमूट उठला. चित्र नाही, नुसता काळा पडदा आणि नाव विचारणारी एक ओळ. नाव दिलं, पासवर्ड दिला, आणि वहीतला हुकूम बघून बघून टंकला: sudo dpkg --configure -a. म्हणजे, जे अर्धवट राहिलंय ते पुरं कर. एंटर दाबलं आणि ओळी धावू लागल्या. हे जुळवतो आहे, ते जुळवतो आहे. रविवारी जिथं हात थांबला होता तिथून लॅपटॉपनं काम उचललं. कुठं थांबलो, काय राहिलं, सगळं त्यानं लिहून ठेवलेलं होतं. मी मुलांना गणितं सोडवायला दिली होती, पण पोरं माझ्यामागे गोळा होऊन त्या ओळींकडे बघत होती, आणि मी त्यांना जागेवर जा म्हणाले नाही.

एका ठिकाणी ते अडलं. सिस्टीमचे दोन भाग एकमेकांसाठी अडून बसले होते. पण अडल्यावर काय करावं हेही खाली पडद्यावर त्या सिस्टीमनंच लिहिलं होतं. तसं केलं आणि ते पुढं सरकलं. शेवटी बंद करून पुन्हा सुरू केलं. नवी आवृत्ती, नवा पडदा, मराठीत.

टेकडीवरून मी त्या माणसाला आभार कळवले. किती वेळ गेला असेल त्याचा! त्यानं लिहिलं, मीही कधीतरी असाच अडकलो होतो, तेव्हा एका अनोळखी बाईनं सोडवलं होतं. पुढं विचारलं, त्या फाइलींत होतं तरी काय? मी सांगितलं, आणि बाईंना विचारून एक छोटी गोष्ट त्याला पाठवली. ती वर जायला जवळजवळ तासभर लागला.

त्याचं उत्तर आलं: भाषा कळली नाही, पण तीनदा ऐकली. गोष्टीच्या मधेच मागे एक पक्षी ओरडतो, आधी शीळ घालतो आणि मग दुसऱ्याच कुणाची तरी नक्कल करतो. तो कोणता?

मी ती गोष्ट कितीतरी वेळा ऐकली होती. पक्षी मला कधी ऐकूच आला नव्हता. खाली येऊन मी बाईंना फाइल लावून दिली. त्यांनी डोळे मिटले, हात वर करून मला थांबायला सांगितलं, आणि पुन्हा लावा म्हणाल्या. मग गोंडीत त्या पाखराचं नाव सांगितलं, आणि शेपटीला दोन लांब दोऱ्या असतात ते बोटांनी हवेत काढून दाखवलं.