खोलीत चष्मा एकच होता

बातमी आली तेव्हा तिच्यासोबत कारणही आलं होतं. मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. फोन तिसगावहून, माझ्या चुलत्यांचा. "शांतवन गेला गं," ते म्हणाले, आणि मी काही विचारायच्या आत पुढचं वाक्य आलं, "त्या लेझरच्या नादानं गेला." शांतवन म्हणजे माझा मामा. खरं तर त्याचा अपघात दौंड रस्त्यावर झाला होता. संध्याकाळी उसाची एक ट्रॉली भर रस्त्यात उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, कुणी दोन दगडसुद्धा मांडलेले नाहीत. मामाची मोटरसायकल तिला मागून धडकली. तरीही मामाच्या केडगावच्या घरी जमलेली माणसं एकमेकांना तेच सांगत होती... नादानं गेला. आता काही आठवडे झालेत. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, पेपरात लिहायची मला सवय नाही, चुकलं तर समजून घ्या. पण ते वाक्य खोटं आहे, एवढं मला लिहायचंच आहे.

मामा शाळांचे प्रोजेक्टर, स्पीकर, इन्व्हर्टर दुरुस्त करायचा. बारावीनंतर मी त्याच्याच घरी राहायला आले. एकदा एका शाळेने बिघडलेला प्रोजेक्टर भंगारात काढला, तो मामा मागून घेऊन आला. उघडला तर आत निळ्या लेझर डायोडची अख्खी रांग, एकेक वाटाण्याएवढा, सोनेरी. "ह्यातला एक जरी जित्ता निघाला ना, तर बघ," तो म्हणाला. जिवंत निघालेला त्याने तांब्याच्या ठोकळ्यात बसवला म्हणजे तापणार नाही, मागे छोटा पंखा लावला, पुढे भिंग. लांब ठेवलेली काडेपेटीची काडी त्या उजेडाने भप्पकन पेटली तेव्हा मामा स्वतःच ओरडला. मग जुन्या प्रिंटरच्या दांड्या आणि मोटारी जोडून त्याने यंत्र केलं. कॉम्प्युटरवर नाव लिहायचं, यंत्र ते लाकडावर जाळून काढायचं. पहिलं नाव त्याने मामीच्या पोळपाटावर काढलं. मामी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्याच पोळपाटावर माझंच नाव? मला इसर पडलाय व्हय माझ्या नावाचा?" मामा म्हणाला, "तुला न्हाई गं, शेजारनीला पडतो. मागचा पोळपाट नेला तो आला का माघारी?" मामी हसू दाबत आत गेली. दाराच्या पाट्या, चर्चसाठी लाकडी क्रूस, असं करत करत काम वाढलं आणि मग भांडी यायला लागली. लग्नात द्यायच्या भांड्यांवर नाव लागतंच आपल्याकडे.

पण लाकूड वेगळं आणि स्टील वेगळं. स्टील आरशासारखं चमकतं, त्यावर पडलेला उजेड उलटून कुठेही जातो, आणि हा उजेड उलटा आला तरी पापणी मिटायच्या आत डोळ्याचा पडदा जाळतो. म्हणून मामा भांड्यावर आधी पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग नाव काढून धुऊन टाकायचा. नाव काळंभोर उठायचं आणि उजेडही बराचसा अडायचा. शिवाय चष्मा. खोलीत चष्मे दोन दिसायचे, पण चष्मा एकच होता. हिरवा भिंगासोबत फुकट आलेला. मामाने मला एकदा तो उजेडाखाली धरून दाखवला होता, मागच्या काळ्या कागदातून धूर निघायला लागला. नारिंगी पुण्याहून मुद्दाम मागवलेला, त्यातून तो जळजळीत निळा ठिपका विझल्यासारखा दिसायचा. हे सगळं ठाऊक असलेला माणूस नारिंगी चष्मा कुणाला द्यायचा? पाहुण्याला. जो कोणी भांडी घेऊन येईल, ज्याला आपलं नाव उठताना बघायचं असेल, त्याला. स्वतः हिरवा लावायचा. मी भांडायचे, "मामा, लोकांना बाहेर बसव ना." तर म्हणायचा, "आगं, लांबून येत्यात मानसं. दाराबाहेर कसं बसवू? बरं दिसतं का ते?" दुसरा मागवू, असंही म्हणायचा. पण दोन असते तर त्याने ते दोन पाहुण्यांना दिले असते, हे मला तेव्हाही कळत होतं.

काष्टीचे एक बागायतदार काका मुलीच्या लग्नासाठी स्टीलचे तांबे घेऊन आले, त्या दुपारी मी घरीच होते. मामा रंगाची वाटी घेऊन बसला तर काका म्हणाले, "रंगाबिंगाचं ऱ्हाऊ द्या हो भाऊ. घरी मांडव घातलाय माझ्या. असंच मारा की नाव." मामा म्हणाला, "उजेड उलटतो, काका." "एवढासा तर ठिपका हाय, तो काय खातोय का आपल्याला?" आणि मामा हसला. रंगाची वाटी बाजूला सरकवली. काकांना आपल्या हाताने नारिंगी चष्मा घातला, पट्टासुद्धा नीट केला. मला मात्र दाराबाहेर उभं केलं, वर दरडावलं, "आत पाऊल टाकायचं न्हाई." घरच्या माणसाला दरडावता येतं ना... यंत्र सुरू झालं. थोड्या वेळाने आतून काका म्हणाले, "ह्यातून तर काय बी दिसंना बुवा," आणि पाठोपाठ मामाचा आवाज, "काका, चष्मा! आवो, चष्मा!" नंतर मामीने खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि ते खाली वाकले होते. मामा तो त्यांच्या डोळ्यांवर ओढायला मध्ये वाकला, आणि तांब्याच्या गोल गळ्यावरून आलेला उजेड त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. त्याने यंत्र बंद केलं, तोंड धुतलं आणि उरलेल्या तांब्यांना मुकाट्याने रंग दिला. काका ओसरीत चहा पीत होते. "लई नाजूक काम बुवा तुमच्या मालकांचं," ते मामीला म्हणाले आणि हसले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्यावर बरोबर मधोमध जळालंय, भरून येणार नाही. डावा डोळा झाकून मामा माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "कडा सगळ्या दिसत्यात. मधलं तेवढं तुझं नाक कुठं गेलंय बघ." मला हसू यायचं नाही. मामीने काष्टीला फोन लावायचं म्हटलं तर त्याने तिचा हात धरला. "त्यान्ला नको सांगू. पोरीचं लगीन झालंय आत्ताच. वाईट वाटंल त्यान्ला." त्यांना वाईट वाटेल! ज्याचा डोळा गेला त्याने, ज्याचा वाचला त्याची काळजी करायची. तेच काका मातीला आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नाद वाईट गं पोरी. मी तेव्हाच म्हणलं होतं, हे काम बरं न्हाई." मी त्यांच्या दोन्ही डोळ्यांकडे बघत राहिले. आता हे वाचून त्यांना वाईट वाटेल... वाटू दे.

गेला त्या संध्याकाळीही असंच. एका घराला दाराची पाटी हवी होती, घरपोच हवी होती आणि आजच हवी होती. मामी म्हणाली, "अंधारून आलंय, तुमाला एका डोळ्यानं मधलं दिसत न्हाई, सकाळी जावा." तो म्हणाला, "त्यान्नी आजचं सांगितलंय." मला ट्रॉलीवाल्याचा राग येतो, काकांचा येतो, पण खरं सांगू का, सगळ्यात जास्त मामाचाच येतो. प्रार्थनेच्या वेळी लोक म्हणाले, किती गोड माणूस, कधी कुणाला नाही म्हणाला नाही. मला उठून ओरडावंसं वाटत होतं की ही स्तुती नाही, हेच कारण आहे. नाद त्याचा होता, पण नादाने त्याला रंग द्यायला शिकवलं होतं, चष्मा मागवायला लावलं होतं. त्यावर पाणी पडलं ते समोरच्याला बरं वाटावं म्हणून. आणि ज्यांना बरं वाटलं, तेच आता त्याला नादी ठरवून मोकळे झाले.

नातेवाइकांनी यंत्र विकून टाकायला सांगितलं. मामी म्हणाली, "मशीननं न्हाई मारलं माझ्या मानसाला," आणि सुताराला बोलावून त्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. ती भांड्यांना रंग देते, कॉलेजातून आल्यावर मी नावं काढते. मागच्या रविवारी काष्टीचे काका आले, पुतण्याच्या लग्नाचे डबे घेऊन. मामाचा डोळा आपल्यापायी गेला, हे त्यांना अजून माहीत नव्हतं. चपला काढून ते सवयीने थेट खोलीच्या उंबऱ्यात आले. मी नारिंगी चष्मा लावून कामाला बसणार होते. आणि माझा हात आपोआप डोक्यामागच्या पट्ट्याकडे गेला... काढून त्यांना द्यायला. मामाचाच हात होता तो. मला स्वतःचाच राग आला. पट्टा सोडून मी हात खाली घेतला.

"काका, बाहेर बसा," मी म्हणाले. "रंग द्यायचाय, वाळायला वेळ लागेल. डबे उद्या मिळतील."

"उद्या तर उद्या. पर जरा बघू तर दे कसं उठतंय ते."

"नाही."

ते उंबऱ्यातच थांबले. रागावले नाहीत, नवल वाटल्यासारखं माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या मामानं कधी कुणाला असं दाराबाहेर ठिवलं न्हाई, पोरी."

"व्हय," मी म्हणाले, आणि आतून कडी लावली.