कापसाच्या खोलीतली सारंगी

रज्जाकचाचा गेल्याची बातमी मला एका गाडीवानाने दिली. रोहिणखेडहून कापूस भरून मलकापूरच्या सरकी काढणाऱ्या जिनाकडे निघाला होता. आमच्या दारात बैलांना पाणी पाजता पाजता सहज म्हणाला, "तुमचे सारंगीवाले गेले ना... आता दुपारी माती हाय." मी तशीच सायकल काढली. वाटेत दोनदा चेन पडली आणि पोचलो तेव्हा माणसे कबरस्तानातून परतत होती. मला कुणी काही विचारले नाही. बोलण्यासारखे जे होते ते मला तेव्हा ठाऊकच नव्हते. ते पंधरा दिवसांनी कळले, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. म्हणून लिहितो आहे. कुणी माझे सांत्वन करू नये.

चाचा चाळीस वर्षे गाणाऱ्यांच्या मागे बसून वाजवत आले. नागपूर, खंडवा, बऱ्हाणपूर... सगळीकडे टाळ्या गाणाऱ्याला आणि पाठदुखी चाचांना. थकल्यावर रोहिणखेडला परतले. मी धामणगाव बढ्याचा, घरची शेती, आणि वर सभा-जलशांना लाउडस्पीकर लावण्याचा नाद. अशाच एका जलशात ते माझ्या कर्ण्याखाली येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दिनकर, तुह्या भोंग्यातून निंघालं का मानूसबी बकरीवानी वरडते." मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेलो. तेव्हापासून आमचे जमले. मला यंत्रातले कळत होते आणि त्यांना आवाजातले, पण मला वाटायचे की मला दोन्ही कळते.

नागपूरहून मी तबकडी कोरण्याचे एक जुने यंत्र आणले. बॅटरीवर चालायचे. त्याबरोबर कोऱ्या तबकड्या मिळाल्या फक्त दोन, आणि एक तबकडी एकदाच कोरता येते. माइकही दोन होते. एक माझा सभेचा, खणखणीत. दुसरा यंत्राबरोबर आलेला, आत पातळ पट्टी असलेला, आवाजाने मवाळ. चाचांची सारंगी कुठेच उतरवून ठेवलेली नव्हती. चाळीस वर्षांत एकही तबकडी त्यांच्या नावाची नाही. ती मी करणार होतो.

माइकची परीक्षा आमच्या लांब खोलीत झाली. कापसाचे दिवस होते, खोली आढ्यापर्यंत भरलेली. कापूस थोडा बाजूला सारून चाचा तिथेच बसले, पाठ कापसाला टेकून. मी सभेचा माइक त्यांच्या अगदी पुढ्यात ठेवायला लागलो तर हात धरला. "सारंगी तोंडाले तोंड लावून ऐकाची चीज नाही बेटा. दूर जा. मांगं सर." मग मवाळ माइक दोन हात लांब ठेवला आणि कानांवर हेडफोन चढवून बसलो... काय सांगू! गज फिरला की तरफा, त्या खालच्या बारीक तारा, मागून हलकेच बोलत होत्या, चाचांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. माझे डोळे भरून आले. यमुना, माझी बायको, दारातून म्हणाली, "अहो, मंग तबकडी कोरून टाका ना आत्ताच." मी ऐकले नाही. तबकड्या दोनच, आणि एवढ्या मोठ्या कलावंताला कापसाच्या ढिगात कोंबून वाजवायला लावायचे? गाड्या जिनात जाऊ द्या, खोली मोकळी होऊ द्या, मग माणसासारखे बसू, असे मी ठरवले.

कापूस गेला. यमुनेने खोली झाडली, सारवली, भिंतींना चुना दिला. मधोमध एक सतरंजी, वर टिनाचे छप्पर, बाकी सगळे रिकामे. चाचा धुतलेला कुर्ता घालून आले. त्याच मवाळ माइकपुढे वाजवले, मी तबकडी कोरली आणि लगेच लावून पाहिली. विहिरीत तोंड घालून कुणी रडावे तसा आवाज! मला वाटले, माइक बिघडला. तो काढून बाजूला टाकला आणि सभेचा माइक थेट सारंगीपुढे ठेवला. या वेळी चाचांनी हात धरला नाही. दुसरी तबकडीही संपली. ती लावली तेव्हा नुसती खरखर, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी.

चाचांनी तबकडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग हळूच विचारले, "मशीनचा दोष तं नसंल?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता. मी नुसते 'असेल' म्हणायचे होते. पण नागपूरहून मिरवत आणलेले माझे यंत्र, गावभर सांगत फिरलेलो मी... मी म्हणालो, "मशीनले काय मालूम चाचा तुम्ही कोन ते? जसं वाजते तसंच ते घेते."

"हाव," ते म्हणाले. "म्हंजे हात गेला माहा. मले कोनी सांगतलंच नाही." त्यांनी सारंगी खोळीत घातली. जाताना यमुनेला चहा चांगला झाल्याचे सांगून गेले.

त्यानंतर वर्षभर त्यांनी वाजवले नाही. मी दोनदा गेलो, आग्रह केला. ते हसून शेतीचे, पावसाचे विचारायचे. मनातून मला खरेच वाटत होते की वय झाले, चालायचेच.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मलकापूरचा एक ओळखीचा तो बिघडलेला मवाळ माइक दुरुस्तीसाठी पाहायला आला. खोली पुन्हा कापसाने भरली होती. मी तिथेच जोडून दिला. तो चार शब्द बोलला आणि माझ्या कानांवरच्या हेडफोनमध्ये... शेजारी बसून बोलावे इतका स्वच्छ आवाज. तो म्हणाला, "याच्यात खराबी काय हाय?" मी माइक उचलून शेजारच्या, तशाच टिनाच्या रिकाम्या खोलीत नेला. टिनाखाली पुन्हा तीच विहीर. परत कापसात आणला, स्वच्छ. चार वेळा मी इकडून तिकडे पळालो. माइक चांगला होता. सारंगी चांगली होती. खोटी होती ती माझी झाडलेली, सारवलेली खोली, आणि मी. तो कापूसच घुमारा शोषून आवाज सांभाळत होता, आणि मी चाचांचा मान राखण्यासाठी तो काढून टाकला होता.

त्याच दिवशी रोहिणखेडला गेलो. चाचींना सगळे सांगितले, काही लपवले नाही.  त्या म्हणाल्या, "रोज दुपारच्या नमाजानंतर काढत होते सारंगीले. येकयेक तार मिळवत. घंटाभर. गजाले हात नाही लावला कधी. म्हनत, सारंगी तं सुरात हाय, तिले काऊन बिघडू देऊ? मंग झाकून ठेवत. आखरीच्या दिवशीबी मिळवली."

त्या भिंतीवरच्या खुंटीकडे वळल्या.

"मंग हात गेला नव्हता त्याईचा?"

"नाही चाची."

"मले काऊन सांगतं आता?" त्यांनी खुंटीवरची खोळ काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि उठून आत गेल्या. मी ती उघडली. तरफांवरून बोट फिरवले. एवढ्या दिवसांनीही बहुतेक तारा सुरात होत्या.