बेसवाल्याची रजा

अण्णांचा बेस कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. अण्णा मात्र आले नव्हते. लाउंजमध्ये पाहुणे येऊन बसायला लागले होते. डेरिक ड्रम्सचे पिळलेले स्क्रू पुन्हा पिळत होता आणि मी पियानोसमोर बसून दाराकडे बघत होते. तेवढ्यात रिसेप्शनवरून निरोप आला. अण्णांना हॉस्पिटलमध्ये नेलंय. हर्निया. उद्या ऑपरेशन.

"तो बेस उचलून उचलून झालं हे," डेरिक म्हणाला. "बासरी शिकला असता तर आज इथे असता."

डेरिक आमचा ड्रमर, कूक टाउनचा अँग्लो-इंडियन. त्याच्याशी बोलणं इंग्रजीत चालायचं. तो कशावरही विनोद करायचा आणि काळजी वाटली की जास्तच करायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याची बदली झाली म्हणून मी पुण्याहून बेंगळुरूला आले. पुण्यात पियानोच्या परीक्षा दिल्या होत्या, जॅझ मात्र इथे येऊन शिकले. दिवसा स्टुडिओत जाहिरातींच्या जिंगल्स रेकॉर्ड करायच्या आणि संध्याकाळी एम. जी. रोडजवळच्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये ट्रायोत वाजवायचं. सासरी 'वंदना संगीत शिकवते' असं सांगितलं जायचं. 'हॉटेलात वाजवते' हे कोणी म्हटलंच, तर दार लावून म्हणायचे.

ट्रायो म्हणजे तिघांचा संच: पियानो, बेस आणि ड्रम्स. पियानो काय आणि ड्रम्स काय, सगळ्यांना ठाऊक असतात. बेस समजावून सांगावा लागतो. व्हायोलिनच्या घराण्यातलं, माणसाहून उंच असं हे वाद्य उभ्यानं बोटांनी छेडायचं. त्यातून अगदी खालचे, जाड सूर निघतात, प्रत्येक ठोक्याला एक. कोणी शांतपणे पावलं टाकत चाललंय असं वाटतं. त्या चालीवर आम्ही बाकीचे नाचतो-बागडतो. ऐकणाऱ्याचं बेसकडे लक्ष जात नाही, पण त्याचा पाय हलतो तो बेसमुळेच.

म्हणून ट्रायोतला पियानिस्ट डावा हात खाली, म्हणजे त्या जाड सुरांकडे, नेत नाही. मधल्या पट्टीत दोन-तीन सूर दाबायचे आणि गप्प बसायचं. खालची जागा बेसवाल्याची. तिथे लुडबूड केली की बेसवाले चिडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

त्या संध्याकाळी मात्र बेसवालाच नव्हता. मी डावा हात खाली नेला आणि अण्णांचे सूर वाजवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मनगट भरून आलं. मग घरी, बनशंकरीला, सकाळी तासन्‌तास फक्त डाव्या हाताचा रियाज केला. आठवड्याभरात हात असा बसला की डेरिकसुद्धा भुवया उंचावून बघायला लागला. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. आपण दोन माणसांचं काम एकटीने करतोय, हे जरा डोक्यातही गेलं होतं.

अण्णांना बघायला मी चामराजपेटला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या वडिलांचा लग्नाच्या वरातीत वाजवणारा बँड होता. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इथे येऊन स्थिरावलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड मुरलेली. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे असूनही ते मला अक्का म्हणायचे.

"डॉक्टर तीन आठवडे वजन उचलू नको म्हणून सांगितला," अण्णा म्हणाले. "काय करायचं की. तिकडे कसं चाललंय, अक्का?"

"अण्णा, तुम्ही अगदी निवांत राहा. मी डाव्या हाताने सांभाळतेय. कोणाला काही जाणवतसुद्धा नाही."

मी हे धीर द्यायला म्हणाले होते. अण्णा 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांच्या बायकोने कॉफी आणली, मग बोलणं दुसरीकडे वळलं.

तिसऱ्या आठवड्यात खन्नांनी केबिनमध्ये बोलावलं. खन्ना हॉटेलचे मॅनेजर, दिल्लीचे. माणूस सरळ, पण संगीताशी त्यांचं नातं 'आवाज जास्त' किंवा 'आवाज कमी' एवढंच.

"मॅडम, कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला आलंय," ते खुशीत म्हणाले. "हेड ऑफिस को टू-पीस चाहिए. मी म्हटलं, नो प्रॉब्लेम. तीन आठवडे दोघंच तर वाजवताय. एक भी कंप्लेंट नहीं!"

खन्नांना वाटत होतं की ते माझं कौतुक करताहेत.

"सर, अण्णा सोमवारी येताहेत."

"त्यांना आराम करू दे ना. उम्र भी हो गई है."

अण्णांना आराम नको होता, काम हवं होतं. लग्नातले बँड कीबोर्डवर गेले होते आणि कीबोर्डमध्ये बेसचं बटण असतं. स्टुडिओंतही तेच. उभा बेस वाजवणाऱ्याला रोज बोलावणारी शहरात बहुधा ही एकच जागा उरली होती. तीही जाणार होती, कारण मी त्यांची जागा फार छान सांभाळली होती.

मी खन्नांना बेसचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. "मॅडम, तुम्ही म्हणता तर असेल. पण मला तर काही फरक ऐकू आला नाही."

दुसऱ्या दिवशी मी कॅसेट घेऊन गेले. आमच्या ट्रायोचं एक रेकॉर्डिंग झालं होतं, आणि त्यात अण्णांनी असं काही वाजवलंय की आजही ऐकताना मला भरून येतं. खन्नांनी टेबलावरच्या टू-इन-वनमध्ये कॅसेट घातली. मी कान टवकारून बसले. पियानो आला, ड्रम्स आले, अण्णा आलेच नाहीत. त्या डबड्याचा स्पीकर वाटीएवढा. एवढ्याशा स्पीकरातून खालचे सूर निघतच नाहीत, हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"देखिए," खन्ना निरागसपणे म्हणाले, "यहाँ भी नहीं हैं."

मी कॅसेट उचलली आणि तणतणत खाली आले. डेरिकला सगळं सांगितलं. या वेळी त्याने विनोद केला नाही.

"त्याला ऐकू कसं येणार?" तो म्हणाला. "तू येऊ दिलंस कुठे? खड्डा पडल्याबरोबर तू तो बुजवलास."

रात्रभर त्यावर विचार केला. मुद्दाम वाईट वाजवणं हा आमच्या धंद्यात गुन्हा आहे, आणि ते मला जमलंही नसतं. पण वाईट वाजवायची गरजच नव्हती. ट्रायोत पियानो वाजतो, अगदी तसाच वाजवायचा. डावा हात मधल्या पट्टीत, खालची जागा बेसवाल्यासाठी मोकळी. बेसवाला नाही, हा माझा दोष नव्हता. भीती एकाच गोष्टीची होती. खन्ना चिडले तर तिघांनाही घरी बसवतील आणि कोपऱ्यात कॅसेट प्लेअर लावतील. डेरिकला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग मी बासरी शिकेन."

शनिवारी लाउंज भरलं. एक निवृत्त कर्नल आणि त्यांच्या पत्नी दर शनिवारी यायचे. पियानोसमोरच्या छोट्या फरशीवर नाचायला नेहमी तेच पहिले. आम्ही सुरुवात केली. सूर सगळे बरोबर, लय पक्की. कर्नलसाहेब उठले, बाईंच्या कमरेला हात लावून चार पावलं टाकली आणि अडखळले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळले. त्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं. बाई काहीतरी पुटपुटल्या आणि दोघं जागेवर जाऊन बसले. त्यांच्यानंतर कोणी उठलंच नाही.

तिसरी ट्यून संपता संपता कर्नलसाहेबांनी वेटरला बोलावलं. त्यांचं म्हणणं, उजवीकडचा स्पीकर बंद पडलाय. वेटर खन्नांकडे गेला, खन्नांनी इलेक्ट्रिशियनला पाठवलं. तो स्टूल घेऊन आला, स्पीकरला कान लावला, वायर हलवली, दुसऱ्या स्पीकरलाही कान लावला.

"सरी इदे, सार," त्याने खन्नांना सांगितलं. स्पीकर ठीक होता.

आम्ही ब्रेक घेतला. खन्ना पियानोजवळ आले आणि वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, साउंड में कुछ गड़बड़ है. खाली-खाली लग रहा है."

"बरोबर आहे, सर. साउंड चामराजपेटला झोपलाय. सोमवारी येईल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बेसकडे. डेरिकने तेवढ्यात ड्रम्सच्या काड्या पुसायला घेतल्या.

"मग हे तीन आठवडे?"

"तीन आठवडे मी दोघांचं काम केलं. आज एकाचंच केलं. माझं."

"और कल?"

"कल भी."

खन्ना मूर्ख नव्हते. त्यांनी कर्नलसाहेबांच्या टेबलाकडे बघितलं. तिथे बिल मागवायची तयारी चालली होती.

"ठीक है," ते म्हणाले. "तिघांचं कॉन्ट्रॅक्ट. हेड ऑफिसला मी सांगतो. पण आज की रात तो बजाइए, प्लीज."

मी डावा हात खाली नेला. कर्नलसाहेब दुसऱ्याच ओळीला उठले. जाताना त्यांनी इलेक्ट्रिशियनला टिप दिली.

सोमवारी अण्णा आले. उंच स्टुलावर बसून वाजवायची परवानगी डॉक्टरांनी दिली होती. मी त्यांना सगळं सांगितलं, टू-इन-वनसकट. वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत.

"कोणाला जाणवत नाही म्हणून सांगितला होतात तुम्ही," ते तारा जुळवत म्हणाले. "स्वल्प लागलं होतं मनाला."

"चुकलंच माझं, अण्णा."

"असू दे की," ते म्हणाले आणि मला पियानोचा सूर द्यायची खूण केली. मी सूर दिला. त्या संध्याकाळी खालून त्यांचा पहिला सूर आला तेव्हा माझा डावा हात आपोआप वर सरकला. इतकं हलकं वाटलं की मला रडू फुटेल की काय अशी भीती वाटली.

पुढच्या मे महिन्यात मी आठवडाभर पुण्याला गेले, भाचीच्या लग्नाला. लाउंज दोघांवर सोपवलं. चौथ्या दिवशी खन्नांचा फोन आला. आवाज रडवेला.

"मॅडम, कब आ रही हैं? इथे गाणं कुठलं चाललंय तेच कोणाला कळत नाहीये. दोघं नुसते ठुक-ठुक करताहेत. कर्नलसाब पूछ रहे हैं, अब कौन सा स्पीकर गया?"

मला ते पटेना. ट्यूनची चाल बेसवरही वाजवता येते. अण्णांना आमच्या सगळ्या ट्यून्स पाठ होत्या. एकदा स्टुडिओत वीज गेली तेव्हा अंधारात बसून त्यांनी एक अख्खी चाल बेसवर अशी गायली होती की रेकॉर्डिस्टने मेणबत्ती शोधायचं सोडून दिलं. परत आल्यावर मी त्यांना विचारलं.

"अण्णा, चाल वाजवता येते की तुम्हाला."

"येते की."

"मग वाजवायची थोडी. आठवडाभर लोकांनी काय ऐकलं असेल!"

अण्णांनी बेसवरची धूळ पुसली आणि मान हलवली.

"तुमची नोकरी ती, अक्का. मी कशाला वाजवू?"

नंतरची बरीच वर्षं आम्ही तिघांनी आलटून-पालटून रजा घेतली. जो जाईल त्याची जागा बाकीच्यांनी मोकळी ठेवली. रिन्यूअलच्या वेळी किती जण वाजवणार, हा आकडा खन्नांनी पुन्हा कधी विचारला नाही.