आईच्या खुब्याचा दुसरा फोटो

आधीच सांगतो, असल्या गोष्टींची टिंगल करणाऱ्यांतला मी. अमावस्येला मुद्दाम नवी स्कूटर घरी आणली होती, आणि या सदरातले अनुभव वाचून "बरं, मग?" एवढंच म्हणायचो. आज मीच लिहायला बसलोय... हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात मी एकोणीस वर्षं एक्स-रे काढतोय. तळमजला, जिन्याशेजारची खोली. नव्यानं शिकायला येणाऱ्यांकडून पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घेतो — हाडाचा एक फोटो म्हणजे अर्धी बातमी. खुबा असेल तर समोरून एक आणि बाजूनं एक. पेशंट कितीही कण्हला तरी दोन्ही काढायचे.

गेल्या हिवाळ्यात आई बाथरूममध्ये घसरली. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका. सकाळी अकराच्या सुमारास रिक्षानं आणली. मला धरून दोन पावलं चाललीसुद्धा. समोरचा फोटो झाला. बाजूच्या फोटोला चांगला पाय वर उचलून धरावा लागतो. मी तो उचलायला गेलो, तशी ती "आई गं!" म्हणून ओरडली. एवढी म्हातारी बाई स्वतःच्या आईला हाक मारतेय... मला बघवेना हो. पाय हळूच खाली ठेवला.

"राहू दे, झालं," मी म्हटलं.

"नक्की ना? चिठ्ठीवर दोन लिहिलेत." मास्तरीणच ती!

"आई, इथला मास्तर मी आहे."

काचेमागे येऊन स्क्रीन बघितला. तिच्या नावापुढे आकडा होता — दोन. मी बटण एकदाच दाबलं होतं. म्हटलं, यंत्र जुनं झालंय, एकच फोटो दोनदा उमटला असेल. उघडून बघायला दोन सेकंदही लागले नसते. नाही बघितला. पहिला तेवढा वरच्या मजल्यावर डॉक्टरांना पाठवला आणि फोन केला, "समोरून काही दिसत नाही. बाजूचा राहू दे, फार दुखतंय तिला."

एकोणीस वर्षं हेच काम करणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांनी ऐकलं, आईला घरी सोडलं.

तिसऱ्या दिवशी दार उघडायला उठली आणि तिथंच कोसळली. खुब्याचं हाड पार सरकलं होतं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी जुने फोटो उघडले.

"अहो, हा बाजूचा किती स्वच्छ आलाय! चीर सरळसरळ दिसतेय. मला का नाही पाठवलात?"

मी स्क्रीनजवळ वाकून बघितलं. आईचं नाव, पहिल्या फोटोचीच वेळ, मिनिटसुद्धा तेच. हाडावर केसाएवढी चीर... आणि हाड मोडलं होतं ते बरोब्बर तिथंच. तो फोटो घ्यायचा तर यंत्राची नळी आडवी फिरवावी लागते, फोटो टिपणारी पाटी कमरेला खेटून उभी करावी लागते, पाय कुणीतरी उचलून धरावा लागतो. मी यातलं काहीही केलं नव्हतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. तासभर डोकं खाजवून म्हणाला, "सर, रेकॉर्डप्रमाणे बटण एकदाच दाबलंय. फोटो दोन कसे, ते मला नाही सांगता येत." मलाही आजतागायत सांगता आलेलं नाही. कुणी काढला देव जाणे... पण माझ्यासाठी काढला होता, आणि मी तो उघडला नाही. भीती नाही वाटत मला त्याची. लाज वाटते.

ऑपरेशन झालं, पण आई पुन्हा उभी राहिली नाही. पलंगावरच असते. फोटोचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती कौतुकानं सांगते, "आमच्या सुधीरनं फोटो काढला ना... एकातच भागवलं हो त्यानं, मला दुखू नये म्हणून."