जुनं नाव असू द्या

परभणीच्या आमच्या कॉलेजात तेव्हा चार कॉम्प्युटर वायरीनं जोडलेले होते. त्यांवर लिनक्स नवंच आलं होतं. ते सांभाळायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून मुख्य मशीनला मी माझ्या गावाचं, पिंगळीचं नाव दिलं होतं. कॉलेजच्या साहेबांनी ते बदलून ‘ऑफिस’ केलं आणि सगळं काम अडलं, कारण बाकीची मशीनं पिंगळीलाच शोधत राहिली.

दुरुस्तीला हैदराबादहून एक बाई आल्या. चपला दाराबाहेर काढून, पदर खोचून कीबोर्डपुढे बसल्या. टाइप करताना प्रत्येक अक्षर ओठांतल्या ओठांत म्हणायच्या. प्रत्येक मशीनवरच्या नावांच्या फाइलीत त्यांनी मुख्य मशीनचा नंबर लिहिला, पुढं ‘ऑफिस’ आणि त्याच ओळीत ‘पिंगळी’. आधी ही फाइल बघायची, नाव तिथं नसलं तरच बाहेर विचारायचं, असंही मशीनांना सांगून ठेवलं.

“जुनं कशाला, बाई? साहेबांनी बदललंय की,” मी म्हणाले.

“असू द्या. त्या नावानं कुणी हाक मारली तर ओ द्यायला नको?” मग स्क्रीनकडं बघतच म्हणाल्या, “माझं लग्नात बदललं. जुन्या नावानं आई तेवढी बोलवायची. ती गेली. आता कुणी न्हाई.”

दोन्ही नावांनी मशीन सापडायला लागलं. संध्याकाळी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले, तेव्हा धीर करून मी त्यांचं जुनं नाव विचारलं. सांगताना त्या लाजल्या. गाडी हलली तशी मी त्याच नावानं मोठ्यानं हाक मारली. खिडकीतून त्यांनी लहान मुलीसारखी ओ दिली.

कॉलेजच्या कागदांवर त्यांचं कुठलं नाव होतं, ते मला आता आठवत नाही. हे जुनं मात्र आठवतं.