साहेबाच्या ड्रॉवरात माहे तीन अर्ज

"काय गॅसकटर, उठा जरा. तुमच्या वॉर्डाचा नंबर किती?"

आमच्या सेक्शनच्या जुन्या साहेबांनी माइकवरून मले विचारलं. सव्वीस जानेवारी होती. झेंडा चढला होता, बुंदीच्या पुड्या वाटाच्या राहिल्या होत्या. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलात पुढे खुर्च्यांवर साहेब लोक, बाबू लोक, त्यांच्या बाया. मांगे खाली अंथरलेल्या दरीवर आम्ही. आम्ही म्हणजे भंडारा-गोंदियाकडून भिलाईले आलेले, वावर सोडून स्टील प्लांटात हाताचं काम केलेले. आमाले मांगे बसा असं कोणी म्हणत नाही. आम्हीच जाऊन बसतो.

मी उठलो. वॉर्डाचा नंबर मले ठाऊक नव्हता.

"बरं, सोपा प्रश्न घ्या. गल्लीतली नाली दुरुस्त करायचं काम कोणाचं?"

मी म्हटलं, "सरकारचं, साहेब."

हॉल हसला. पुढच्या बाया तोंडाले पदर लावून हसल्या. माह्या बाजूले माहा जोडीदार बसला होता, बत्तीस वर्षं एका शिफ्टमधला. तोही हसला.

"कोणतं सरकार? दिल्लीचं की रायपूरचं? बघा मंडळी, हे आपले मतदार! म्हणून मी म्हणतो, मोठ्या माणसांनाही नागरिकशास्त्र शिकवलं पाहिजे. बसा, बसा. बुंदी घेऊन जा हं."

मी बसलो. अन् जाताना बुंदी घेतली. लोक हसल्याची लाज गेली, बुंदी घेतल्याची नाही गेली.

माही बायको सुमन जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. ती गेली आमच्या गल्लीतल्या उघड्या नालीत पडून. हे साहेबाले ठाऊक होतं. तिच्या तेरवीले साहेब आले होते, जेवून गेले होते. तरी त्यांनी माइकवर मले नालीचाच प्रश्न विचारला. मुद्दाम नसेल विचारला. त्यांच्या ध्यानातच नसेल. हे मुद्दामपेक्षा वाईट.

आता मांगचं सांगतो, नाही तं समजणार नाही.

मी चौथी शिकलो. प्लांटात गॅसकटर लागलो, गॅसच्या जाळानं लोखंड कापाचं काम. राहाले प्लांटचं क्वार्टर. नळ गळला, लाइट गेली, तं कंप्लेंटच्या रजिस्टरात लिहाचं, माणूस येऊन नीट करून जाये. आमच्यासाठी प्लांट हेच सरकार. मत द्याले लाइनीत उभे राहत होतो, पण ते बोटाले शाई लावाचं काम. त्या शाईतून नाली नीट होते हे आमाले कोणी सांगतलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

अन् प्लांटात अर्जाची एक रीत. सुट्टी पायजे, बूट पायजे, काही पायजे, अर्जाच्या माथ्यावर लिहाचं: थ्रू प्रॉपर चॅनल. म्हणजे पहिले चार्जमन, मंग फोरमन, मंग साहेब. एकाले डावलून कोणी वर गेला तं कागद वापस, वरून शिव्या. बत्तीस वर्षांत हे हाडात गेलं. आपला कागद आपल्या सहीनं चालत नाही. वरच्याची सही पायजे.

रिटायर झालो, क्वार्टर सुटलं. मरोद्याकडे दोन खोल्या बांधल्या. दारासमोर नाली. एका ट्रकच्या चाकाखाली नालीवरचा स्लॅब फुटला. सुमननं वरती फळी टाकली. म्हणे, "अर्ज द्या ना कुठंतरी. तुमाले लिहिता येते."

मी लिहिला. माथ्यावर लिहिलं, थ्रू प्रॉपर चॅनल. मंग विचार केला, आता आपल्या वरचा कोण? आमच्याच सेक्शनचे साहेब आठवले, तेच माइकवाले. आपले मराठी माणूस, तेही रिटायर, चांगल्या कॉलनीत बंगला. त्यांच्याकडे नेऊन दिला.

"ठेव तिथं. पाहतो."

दोन वर्षांत तीन अर्ज दिले. मधामधात विचाराले जाओ. ग्रिलच्या बाहेर उभा राहो. साहेब आंघोळीले आहेत, साहेब झोपले आहेत. उभ्या उभ्या एकदा त्यांच्या गेटाचं बिजागर नीट करून दिलं. एकदा जांबाची फांदी तोडून दिली. पायरीच्या वर कधी गेलो नाही. कोणी बोलावलं नाही, मलेही वाटलं नाही का जावं. अन् सुमन दर खेपेले डब्यात कुरोड्या भरून दे. "खाली हातानं जाऊ नका. कागद पुढे सरकन."

कुरोड्या सरकल्या.

ऑक्टोबरात एका सकाळी नाली तुंबली होती, गल्लीत पाणी. फळी वाहून गेली होती. पाण्याखाली नाली कुठं संपते, रस्ता कुठं सुरू होते, दिसे नाही. सुमन दुधाची पिशवी घेऊन येऊन राहिली होती. मी दारातूनच पाहून राहिलो होतो. एका पायानं ती खाली गेली. मांडीचं हाड मोडलं. अकराव्या दिवशी गेली. जायच्या आदल्या दिवशी मले म्हणे, "साहेबाले पुन्हा एकदा आठवण करून द्या. कोणाचं लेकरू पडन तिथं."

शेवटपर्यंत तिचा साहेबावर भरोसा होता. कावून, तं माहा होता.

बुंदीच्या चार दिवसांनी आमच्या गल्लीत मितानिन आली. आमच्या इकडे ही बाई घरोघर फिरून लोकांच्या तब्येतीचं पाहते, गोळ्या देते. छत्तीसगढी बोलते. माहं बीपी लिहिता लिहिता तिनं नालीकडे पाह्यलं.

"कका, नाली बर आवेदन दे रेहे?"

"दिले ना बाई. तीनदा दिले. साहेबाले."

"कोन साहेब? झोन ऑफिस के?"

"नाही. प्लांटचे. रिटायर झाले."

तिचा पेन थांबला. मले वाटलं आता हीही हसन. हसली नाही.

"कका, वो अब काकरो साहेब नो हय. तोर-मोर कस मनखे आय. दस्तखत तोर चलही. झोन ऑफिस जा, खुद दे. अउ पावती लेय बिना झन उठबे."

तो माणूस आता कोणाचाच साहेब नाही. तुह्या-माह्यासारखाच आहे. तुही सही चालते. झोन ऑफिसात स्वतः दे, पावती घेतल्याबिगर उठू नको. एवढंच म्हटलं तिनं. मी तिच्या समोरच रडलो. सुमन गेली तेव्हा इतका रडलो नव्हतो. दोन वर्षं निगमचं, म्हणजे महापालिकेचं, झोन ऑफिस तिथंच होतं. सिटी बसनं जाऊन येता आलं असतं.

पहिले मी साहेबाकडे गेलो. ग्रिल उघडलं. पायरी चढलो. चप्पल बाहेर काढली अन् सोफ्यावर बसलो. साहेबाच्या हातातला पेपर खाली झाला.

"अरे, काय झालं?"

"माहे कागद वापस पायजे साहेब."

"कसले कागद?"

"नालीचे. तीन हाय."

आतल्या खोलीत जाऊन त्यांनी ड्रॉवर उघडला, मी मांगोमांग गेलो. जुनी लग्नपत्रिका, औषधाच्या चिठ्ठ्या, अन् मधात माहे तिन्ही अर्ज. एकावर तेलाचा डाग. कुरोड्यांच्या डब्याचा. कोण्याच कागदावर त्यांची सही नव्हती.

"पाठवले कावून नाही?"

"कुठं पाठवणार? हे कुठं द्यायचं असतं, मला तरी काय माहीत? मी काय निगमचा नोकर आहे? तूच आणून देत होतास."

माह्या कानात हॉलातलं हसणं पुन्हा वाजलं. ज्या प्रश्नावर याच माणसानं मले शंभर लोकांत उभं केलं होतं, त्याचं उत्तर याले तरी कुठं येत होतं? दिल्ली, रायपूर हे शब्द येत होते. नालीचा कागद कोणत्या टेबलावर ठेवाचा, हे नव्हतं येत.

"मंग मले तवाच कावून नाही सांगतलं, का तुमाले ठाऊक नाही?"

साहेबांनी ड्रॉवर लोटला. मंग म्हणाले, "तू एवढ्या विश्वासानं यायचास. बरं नसतं वाटलं."

कोणाले बरं नसतं वाटलं, ते मी विचारलं नाही. त्याले माहा नमस्कार बंद पडला असता, एवढंच. त्या नमस्कारासाठी त्यानं कागद ठेवले. अन् त्या नमस्काराच्या सवयीनं मी ते नेऊन दिले. माही चूकही मी लिहून ठेवतो. मले कोणी धुतला तांदूळ समजू नका.

दुसऱ्या दिवशी नवा अर्ज लिहिला. माथ्यावर काही लिहिलं नाही. खाली माही सही.

झोन ऑफिसातला बाबू म्हणे, "बाबा, छोड़ के जाओ. देख लेंगे."

हे शब्द मी ओळखले. ठेव तिथं, पाहतो. तेच, फक्त हिंदीत.

"पावती दो."

"अरे मिल जाएगी, कल आना."

"मेरी औरत इस नाली में मरी है. पावती दो, फिर उठूंगा."

मी बसून राहिलो. हात जोडले नाही. हात मांडीवर ठेवले. बाबूनं दोनदा मान वर केली, एकदा चहा पिऊन आला. मी तिथंच. शेवटी त्यानं आवक रजिस्टर ओढलं, नंबर टाकला, शिक्का मारला अन् पावती माह्या हातात दिली. बोटभर कागद. मी बाहेर येऊन तो तीनदा वाचला. जन्मात पहिल्यांदा माह्या एकट्याच्या सहीनं सरकारी रजिस्टरात काही चढलं होतं.

त्या पावतीचा नंबर घेऊन चार चकरा मारल्या. दुसऱ्या महिन्यात नालीवर नवा स्लॅब बसला. अर्ध्या दिवसाचं काम. दोन मजूर आले, दुपारून निघून गेले. मी खुर्ची टाकून पाहत होतो. लोक म्हणे, काका, काम झालं, पेढे द्या. मी म्हटलं, कायचे पेढे? हे अर्ध्या दिवसाचं काम होतं. तिच्या जिवाची किंमत अर्धा दिवस होती काय?

पंधरा ऑगस्टले पुन्हा हॉल. पुन्हा माइक. या खेपेले साहेबांनी दरीवरची एक म्हातारी उठवली, आमच्याच गल्लीतली. "सांगा आजी, महापौर म्हणजे काय?" तिची मान खाली. बाया पदर शोधू लागल्या.

मी उभा झालो. मले कोणी उठवलं नव्हतं.

"आजी, तुम्ही बसा. साहेब, तुमाले आमाले शिकवाचं हाय ना? मंग सांगा. नालीचा अर्ज कुठं द्याचा? कोणाची सही लागते? पावती नाही दिली तं काय कराचं?"

साहेब माइकवर हात ठेवून म्हणाले, "ही जागा नाही त्याची."

"हीच जागा हाय. दरीवर बसलेल्याले येत नाही म्हणून हसता. त्याले सांगत कावून नाही?"

मी बुंदी न घेता निघालो. म्हातारी मांगे मांगे आली. म्हणे, "भाऊ, माहा नळाचा कागद हाय."

तेव्हापासून दर रविवारी मी त्या स्लॅबवर खुर्ची टाकून बसतो. जिथं ती पडली, तिथंच. लोक कागद आणतात. मी कोणाचा अर्ज घेत नाही. माह्या खिशात, माह्या घरात दुसऱ्याचा एक कागद राहणार नाही. कोणत्या ऑफिसात जाचं ते सांगतो, बाजूले बसवून त्याच्याच हातानं लिहवतो, अन् ज्याले लिहिता येत नाही त्याचा अंगठा त्याच्याच नावासमोर लावतो. मंग म्हणतो, स्वतः जा. हात जोडू नको. पावतीशिवाय उठू नको.

कोणी म्हणते, काका, तुमी मोठे माणूस, तुमची सही टाका ना खाली.

मी पेनाले टोपण लावतो. माही सही भेटणार नाही. मी कोणाचा साहेब होणार नाही.