सुलभाची न लिहिलेली नोंद

सुलभा गेल्याचं प्रयोगशाळेच्या फोनवर कळलं, तेव्हा आधी आला तो राग. साहेब शेजारीच उभे होते. "अरेरे, कामाला चोख होती हो," म्हणाले, आणि लगेच, "तिच्या राहिलेल्या स्लाइड्स आता कोण मोजणार?" फोन त्यांच्या अंगावर भिरकावला नाही, एवढंच.

सुलभा डोंबिवलीची. नव्वद सालच्या सुमारास ठाण्याजवळ कोलशेतला आमच्याकडे हंगामी म्हणून लागली आणि शेवटपर्यंत हंगामीच राहिली. आमच्याकडे हेपॅटायटिस बीच्या विषाणूची जनुकं घातलेले उंदीर होते. त्यांना इंटरफेरॉन हे विषाणूवरचं औषध टोचायचं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती घटल्या, यकृतात किती जमल्या, ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. ती मोजायला बसली की समोरचा चहा गार होऊन जायचा. एकदा भर बैठकीत तिने साहेबांना अडवलं. "सर, सातव्या उंदराच्या पेशी घटलेल्याच नाहीत. त्याला सोडून सरासरी कशी काढता?" साहेब आठवडाभर घुश्श्यात होते. मला म्हणाली, "काका, त्याला बोलता येत नाही म्हणून काय वगळायचं?"

तुलनेसाठी याच रोगाच्या रुग्णांचं रक्तद्रव यायचं. ते काचेच्या नळीने, तोंडाने ओढून मोजायची रीत होती. तिला ती मीच शिकवली. नळीच्या वरच्या टोकाला कापसाचा बोळा लावायचा आणि नजर रेघेवर ठेवायची. एका दुपारी बोळा सैल राहिला आणि घोट तिच्या तोंडात गेला. तिने मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या, वर हसली. "म्हात्रेकाका, लिहून ठेवा हं." अपघातांची वही माझ्याकडे असायची. पण दुसऱ्या दिवशी तपासणीला बाहेरची माणसं येणार होती, साहेबांना वही कोरी लागायची... मी लिहिलं नाही.

लस फक्त कायम नोकरीवाल्यांना मिळाली होती. तिला लागण झाली. बहुतेकांचा हा आजार आपोआप बरा होतो, तिचा मुक्कामाला राहिला. काही वर्षांनी पोटात पाणी व्हायला लागलं तेव्हा तिने इंटरफेरॉनबद्दल विचारलं. साहेब म्हणाले, "आपल्याकडचं उंदरांचं आहे, माणसाला लागू पडत नाही." ते खरंही होतं. माणसांचं मागवायचा खर्च द्यायला कचेरीने अपघातांची वही मागितली. वहीत नोंद नव्हती, म्हणजे अपघात झालाच नव्हता. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, मुलीचं लग्न ठरत होतं... गप्प बसलो. साहेबांची चीड येते, पण या म्हात्रेची त्याहून जास्त येते.

दिवसकार्य झाल्यावर डोंबिवलीला तिच्या आईकडे गेलो. त्यांनी पाणी आणलं ते स्टीलच्या पेल्यात, वर 'सुलभा' असं नाव कोरलेलं. हातात देताना थबकल्या. "चालेल ना? शेजारच्या बायका आमच्याकडे पाणी घेत नाहीत. हा रोग कशाने होतो म्हणून काहीबाही बोलतात. माझी पोर तशी नव्हती हो..."

मी पेला रिकामा केला आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या घालतील, हाकलून देतील. त्या पदराने डोळे पुसत उठल्या आणि जिन्याकडचं दार सताड उघडलं. "मला कशाला सांगता? मला माझी मुलगी ठाऊक आहे. त्यांना सांगा."

जिन्यात उभं राहून बोलायचा धीर त्या दिवशीही झाला नाही. म्हणून आज इथे, सगळ्यांना वाचता येईल असं सांगतो. सुलभाला हा रोग आमच्या प्रयोगशाळेत, कामावर असताना झाला. मी तिथेच उभा होतो.